धर्माचा रकाना: इथिओपियातले नऊ दिवस

सोमवार, 2 डिसेंबर 2019. मुंबई ते आदिस अबाबा

जनगणनेचं काम मी तीनदा केलं. 1991, 2001 आणि 2011. शाळा सुटली की पिशवी खांद्याला अडकवून वाईच्या आसपासच्या वाड्यावस्त्या पालथ्या घालायच्या. धर्माचा रकाना आला की घरातल्या कर्त्या माणसाला एकदाच विचारायचं आणि खाली सगळ्यांना तेच उतरवून टाकायचं, ही माझी पद्धत. प्रत्येकाचं वेगळं विचारा असं प्रशिक्षणात बजावलेलं असायचं, पण विचारतंय कोण? एका म्हाताऱ्यांना विचारून पाहिलं तर ते म्हणाले, "बाई, एका चुलीवर जेवणाऱ्यांचा धर्म काय वेगळा असतोय होय?" त्यानंतर मी तो नाद सोडला.

हे आठवायचं कारण माझा भाचा. तो हवासाच्या औद्योगिक वसाहतीत एका कपड्यांच्या कारखान्यात आहे. फोनवर म्हणाला, "मावशी, माझ्या घरमालकिणीच्या घरात तुझा फॉर्म भरून दाखव." ह्यांच्या गुडघ्यामुळे मी एकटीच निघाले.

आदिसला भाचा घ्यायला आला होता. जेवायला बेयाइनेतू मागवलं. ताटभर पसरलेला इंजेरा, म्हणजे आंबोळीची आंबट, करडी थोरली बहीण, आणि त्यावर डाळी, बीट, कोबी, पालेभाजी अशा ढिगाऱ्या. मधोमध शिरो. एक घास घेतला आणि हसूच आलं. हरभऱ्याच्या पिठाचं पिठलंच की हे, फक्त मसाला बेरबेरेचा. मी शाकाहारी, त्यामुळे डबाभर चिवडा आणि दशम्या बांधून नेल्या होत्या. त्या परत वाईला आल्या. इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो, शिवाय मोठे लांबलचक उपास वेगळे. वर्षाचे 200 च्या वर दिवस मांस, दूध, अंडं वर्ज्य. मी गेले तेव्हा नाताळाआधीचा 43 दिवसांचा उपास चालू होता. त्यांचा नाताळ 7 जानेवारीला येतो.

संध्याकाळी मेर्कातोच्या बाजारात गेलो. अन्वर मशीद आणि रागुएलचं चर्च जवळजवळ एकमेकांना टेकून उभी आहेत. अजान आणि चर्चचा भोंगा यांची जुगलबंदी ऐकत भाच्याने मला मोबाइलवर आकडे दाखवले. पहिली जनगणना 1984 ची: ऑर्थोडॉक्स 54 टक्के, मुसलमान 33 च्या आसपास, प्रोटेस्टंट साडेपाच. 1994 ला ऑर्थोडॉक्स 50.6, प्रोटेस्टंट 10.2. आणि 2007 ला ऑर्थोडॉक्स 43.5, मुसलमान 33.9, प्रोटेस्टंट 18.6. मग गणनाच नाही. 2017 ची ठरली, पुढे ढकलली, परत ढकलली.

मुसलमानांचा आकडा फारसा हललेला नाही. मग 23 वर्षांत हे साडेपाचाचे साडेअठरा झाले ते कोणाचे? सात कोटी सदतीस लाखांच्या देशात हा काही चिल्लर हिशेब नव्हे.

मंगळवार, 3 डिसेंबर. अक्सुम

पहाटेच्या विमानाने उत्तरेला अक्सुम. दोनच दिवसांपूर्वी इथे मरियमची, म्हणजे येशूच्या आईची, मोठी यात्रा झाली होती. यात्रेनंतर गाव कसं दिसतं ते मला सांगायला नको: तुडवलेलं गवत, मेणबत्त्यांचे थेंब, अजून न गेलेले चार म्हातारे. सगळे नेतेलात, म्हणजे पांढऱ्या सुती शालीत, गुंडाळलेले. लांबून पाहिलं तर पंढरपूरला द्वादशीच्या दिवशी वाळवंटात बसलेली मंडळी वाटावीत.

दगडी स्तंभांचं मैदान पाहिलं. सगळ्यात मोठा, 33 मीटरचा, आडवा पडून फुटलाय. पण मला जे बघायचं होतं ते संग्रहालयात, काचेखाली, नखाएवढं होतं. अक्सुमची नाणी. चौथ्या शतकातल्या एझाना राजाच्या आधीच्या नाण्यांवर वरच्या बाजूला चंद्रकोर आणि तबकडी. नंतरच्या नाण्यांवर त्याच जागी क्रूस. राजाचा मुखवटा तोच, दोन्ही बाजूंची धान्याची कणसं तीच. डोक्यावरचं चिन्ह तेवढं बदललं. मी वाकून वाकून पाहिलं. काचेला नाक लागलं तेव्हा रखवालदार खाकरला.

या एझानाचे शिलालेखही आहेत. आधीच्यात तो स्वतःला महरेम या युद्धदेवाचा पुत्र म्हणवतो, नंतरच्यात विजयाचं श्रेय स्वर्गाच्या स्वामीला देतो. मधे घडलं ते असं: सीरियाकडचा फ्रुमेंतियुस नावाचा मुलगा जहाजावरच्या हल्ल्यातून वाचून दरबारात गुलाम म्हणून आला, राजपुत्राचा शिक्षक झाला आणि पुढे अलेक्झांड्रियाला जाऊन या देशाचा पहिला बिशप होऊन परतला. मास्तरांनी घडवलेलं धर्मांतर म्हणून मला त्याचं विशेष कौतुक. त्यानंतर तब्बल सोळाशे वर्षं इथल्या चर्चचा प्रमुख इजिप्तहून यायचा. 1959 मध्ये इथिओपियाला स्वतःचा पॅट्रिआर्क मिळाला.

दुपारी मरियम त्सियोन चर्चच्या आवारात गेलो. मोझेसच्या आज्ञांची मूळ पेटी इथल्या छोट्या देवळीत आहे असं मानतात. तिचा एकच राखणदार साधू, त्याच्याखेरीज ती कोणी पाहत नाही. जुन्या चर्चमध्ये बायकांना प्रवेश नाही. भाचा आत जाऊन आला, मी बाहेर पायरीवर. "मावशी, विशेष काही नाही गं आत," म्हणाला. ही समजूत काढायची रीत मला आपल्याकडच्या काही गाभाऱ्यांमुळे चांगली ठाऊक आहे. शेजारचं सम्राट हैले सेलासींनी बांधलेलं नवं चर्च मात्र सगळ्यांना खुलं.

वाटाड्या ऑर्थोडॉक्स. गळ्यात काळा दोरा. त्याला मातेब म्हणतात, बाप्तिस्म्याच्या वेळी बांधतात. मी म्हटलं, आमच्याकडे माळकरी असतात, तुळशीची माळ. "काढतात का ती?" त्याने विचारलं. काढतात कधीकधी, म्हटलं, मांसमटण खायचं झालं की काही जण खुंटीला अडकवतात. तो गंभीर झाला. "आमचा दोरा तुटला म्हणजे माणूस तुटला."

त्याने सांगितलेली आणखी एक गोष्ट. अक्सुममध्ये मुसलमान राहतात पण गावात मशीद नाही. मशिदीची मागणी झाली की चर्चवाले म्हणतात, मक्केत चर्च बांधू द्या, मग इथे मशीद. चहाच्या टपरीवरचा म्हातारा मुसलमान हे सगळं ऐकत होता. तो शांतपणे साखर ढवळत राहिला. त्याचं म्हणणं त्याला कोणी विचारलं नाही. मीही नाही, हे आता लिहिताना टोचतंय.

बुधवार, 4 डिसेंबर. नेगाश, मेकेले

घोटाळा इथे झाला. गाडीवान फोनवर म्हणाला होता, "दोन वाजता येतो." मी निवांत. वेणीफणी व्हायची होती तर सकाळी आठ वाजता तो दारात. इथलं घड्याळ सूर्योदयापासून मोजतं, त्यामुळे आपले आठ म्हणजे त्यांचे दोन. वर्षही आपल्यापेक्षा सातआठ मागे आणि महिने तेरा. ओले केस बांधून गाडीत बसले.

अडवा, अडिग्रात करत डोंगरातून नेगाशला पोचायला दुपार झाली. मशीद टेकडीवर, नुकतीच तुर्कांनी दुरुस्त केलेली. इ. स. 615 च्या सुमारास मक्केत छळ झालेले पैगंबरांचे अनुयायी लाल समुद्र ओलांडून अक्सुमच्या राजाच्या आश्रयाला आले, इस्लाममधलं पहिलं स्थलांतर ते हेच. मदिनेच्याही आधीचं. त्या राजाला अरब नजाशी म्हणतात. त्याची कबर इथे आहे अशी श्रद्धा, शेजारी सोबत्यांच्या कबरी.

आता गंमत बघा. मुसलमान म्हणतात, राजाने इस्लाम स्वीकारला होता, त्याच्या निधनाची वार्ता कळल्यावर पैगंबरांनी मदिनेत त्याच्यासाठी नमाज पढला. इथलं चर्च म्हणतं, छे, राजा ख्रिश्चनच होता, पाहुण्यांना आसरा दिला एवढंच. एका माणसाचा रकाना चौदाशे वर्षं भरून होत नाहीये! कबरीच्या खादिमला, म्हणजे सेवेकऱ्याला, मी विचारलं तर तो म्हणाला, "राजाने न्याय केला. बाकी अल्लाला माहीत." हे उत्तर मला पटलं, पण फॉर्ममध्ये बसलं नसतं.

त्याने मूठभर भाजलेले जव खायला दिले. पुढच्याच वर्षी या तिग्राय प्रांतात युद्ध पेटलं आणि या मशिदीवर तोफगोळे पडले. फोटोत मिनाराचं भगदाड पाहिलं तेव्हा पहिल्यांदा तो खादिमच डोळ्यासमोर आला.

गुरुवार, 5 डिसेंबर. गोंदार

मेकेलेहून आदिस, आदिसहून गोंदार, असा द्राविडी प्राणायाम विमानाने. लालिबेला राहिलं. वरून खाली खोदत नेलेली तिथली अकरा चर्चं म्हणजे वेरूळच्या कैलासाची भावंडं, पण नऊ दिवसांत किती कोंबणार?

गोंदारच्या किल्ल्यात मात्र आपला गोवा भेटला, तोही चांगल्या कारणाने नव्हे. आधीची कथा अशी. 1529 मध्ये पूर्वेकडच्या अदल या मुसलमान राज्याच्या इमाम अहमदने, ज्याला इथे ग्रान्य म्हणजे डावखुरा म्हणतात, ख्रिश्चन राज्यावर स्वारी केली आणि पुढची बारातेरा वर्षं चर्चं जाळली, पुष्कळ माणसं बाटली. बुडतं राज्य वाचवायला 1541 मध्ये पोर्तुगीज आले ते गोव्याहून निघालेल्या आरमारातून. 400 बंदूकधारी, म्होरक्या वास्को द गामाचा मुलगा ख्रिस्तोव्हाँव. तो पकडला जाऊन मारला गेला, पण 1543 मध्ये अहमदही पडला. ज्यांनी भीतीपोटी धर्म बदलला होता ते परतले, काही नाही परतले.

उपकाराची वसुली मागाहून झाली. बंदुकांमागोमाग जेझुइट पाद्री आले, तेही गोव्यामार्गेच. त्यांतला पेद्रो पाएस हुशार आणि गोड माणूस, भाषा शिकला, राजाचा मित्र झाला. 1622 मध्ये सुसेन्योस राजाने उघडपणे कॅथलिक पंथ घेतला. पाएस त्याच वर्षी वारला आणि त्याच्या जागी आलेला मेंदेस पडला कडक. लोकांना परत बाप्तिस्मा, पाद्र्यांना परत दीक्षा, शनिवार पाळायचा नाही, सुंता करायची नाही, पंचांगसुद्धा रोमचं. राजाने माना डोलावल्या, प्रजा उठली. 1632 च्या लढाईत राजा जिंकला आणि रणांगणावर हजारो प्रेतं पडली, सगळी आपल्याच शेतकऱ्यांची. मग त्याने फर्मान काढलं की जुना धर्म परत, आणि गादी मुलाला, फासिलदेसला, देऊन टाकली. मुलाने जेझुइटांना हाकललं आणि गोंदार वसवलं. मेंदेस गोव्याला परतला, तिथेच 1656 मध्ये वारला.

किल्ल्याच्या भिंतीला टेकून मी हे सगळं भाच्याला सांगत होते. तो म्हणाला, "म्हणजे दहा वर्षांत रकाना दोनदा खोडला." अगदी. आणि दोन्ही वेळा एकाच माणसाने, वरून.

संध्याकाळी गावाबाहेर वोलेका. इथे बेटा इस्राएल, म्हणजे इथिओपियाचे यहुदी, राहायचे. कुंभार आणि लोहार. जमीन धारण करायला बंदी, शेजारी त्यांना फलाशा, उपरे, म्हणत आणि रात्री त्यांची तरसं होतात असं समजत. 1984 च्या दुष्काळात सुदानमार्गे काही हजार, आणि मे 1991 मध्ये 36 तासांत 14 हजारांच्या वर माणसं विमानांनी इस्राएलला नेली. गावात आता निळा तारा रंगवलेलं छोटं प्रार्थनाघर आहे आणि मातीच्या मूर्ती विकणाऱ्या ख्रिश्चन बायका. माझ्या लहानपणी अलिबागला आत्याच्या शेजारी एक शनिवार तेली, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचं, कुटुंब होतं, शुक्रवारी दिवेलागणीला त्यांचं घर बंद व्हायचं. तेही असेच विमानात बसून गेले. कुलूप बरीच वर्षं दाराला होतं. मी इथे एक मातीची चिमणी घेतली. घासाघीस केली नाही.

शुक्रवार, 6 डिसेंबर. हरार

परत आदिस, मग दिरे दावा, मग गाडीने हरार. तटबंदीच्या आत 82 मशिदी, काही एवढ्या लहान की आपल्या गावातलं मारुतीचं देऊळ मोठं वाटावं. जुम्म्याचा नमाज आटोपून माणसं गल्ल्यांत सांडली होती, निम्म्यांच्या गालात चाट नावाच्या कैफ आणणाऱ्या पाल्याचा गोळा.

इथे यायचं माझं कारण मलिक अंबर. दक्षिण इथिओपियातलं चापू नावाचं पोर, जन्म 1548 च्या सुमाराचा, जुन्या आफ्रिकी धर्मातलं. गुलाम म्हणून विकलं गेलं, अरबस्तानातून बगदादला पोचलं. तिथल्या धन्याने त्याला शिकवलं, मुसलमान केलं आणि अंबर हे नाव दिलं. मग अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान, जो स्वतःही हबशीच, त्याच्याकडे तो आला. पुढचं आपल्याला माहीत आहे: मुघलांना जेरीस आणणारा गनिमी कावा, 1610 ला वसवलेली खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर), नहर-ए-अंबरी, आणि 1626 मध्ये मृत्यू. खुलताबादला कबर आहे. आम्ही शाळेची सहल नेली की मुलं पाणचक्कीवर उड्या मारायची आणि मी घसा फोडून 'हबशी' म्हणजे कोण ते सांगायची. हबशी म्हणजे हबेशा, आणि हबेशा म्हणजे ही माझ्यासमोर पेरू विकत बसलेली माणसं, हे मला एवढ्या वर्षांनी कळत होतं.

त्याने धर्म बदलला की त्याचा बदलला गेला? विकलेल्या पोराला कोणी रकाना विचारत नाही.

तटाच्या आत मधल्या चौकात, फेरेस मगाला म्हणजे घोडेबाजारात, गोल ऑर्थोडॉक्स चर्च आहे. 1875 ते 1885 इजिप्तचा ताबा होता तेव्हा त्यांनी तिथे मशीद बांधली. 1887 मध्ये राजा मेनेलिकने हरार घेतलं आणि तिचं चर्च झालं. ज्या घरात उतरलो तिथल्या हरारी आजींनी खिडकीतून ते दाखवलं. घर म्हणजे लाल रंगाचे पायऱ्यापायऱ्यांचे ओटे आणि भिंतभर विणलेल्या टोपल्या. आजी म्हणाल्या, "माझ्या आजीच्या आजीने तिथे अजान ऐकली." वर लगेच, "त्यांची घंटा वाजली की मी भात टाकते." रागाने म्हणाल्या असत्या तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

त्यांनीच लिज इयासू या राजाचा विषय काढला. त्याचा बाप, वोल्लोचा सरदार, मुळात मोहम्मद अली. 1878 मध्ये सम्राट योहान्नेस चौथ्याने वोल्लोच्या मुसलमान सरदारांना बाप्तिस्मा नाहीतर सत्ता सोडणं असा पर्याय दिला, तेव्हा तो मिकाएल झाला आणि राजाच त्याचा धर्मपिता. मिकाएलचा मुलगा इयासू मेनेलिकचा नातू म्हणून गादीवर आला, हरारच्या मुसलमानांत रमू लागला, आणि 1916 मध्ये 'हा मुसलमान झाला' असं म्हणून त्याला पदच्युत केलं. बापाला राज्यासाठी जो धर्म सोडावा लागला, त्याच्याच संशयावर मुलाचं राज्य गेलं. "आमच्याकडे आला होता म्हणून शिक्षा," आजी म्हणाल्या, जणू परवाचीच गोष्ट.

रात्री वेशीबाहेर तरसांना काठीने मांस भरवतात ते पाहिलं. एकाचा श्वास पोटरीला लागला. परत बघायची इच्छा नाही.

शनिवार, 7 डिसेंबर. हवासाकडे

दिवसभर प्रवास. आदिसहून गाडीने बिशोफ्तूला चहाला थांबलो. तिथलं होरा तळं ओरोमो लोकांच्या इरेचाचं. पावसाळा संपला की लाखोंनी येऊन पाण्यात गवताच्या जुड्या आणि पिवळी फुलं भिजवतात, वाका या आकाशदेवाचे आभार मानतात. 2016 मध्ये इथे अश्रुधूर सोडल्यावर चेंगराचेंगरी होऊन बरेच जीव गेले. यंदा ऑक्टोबरात दीडशे वर्षांनी पहिल्यांदा तो सोहळा आदिसमध्ये झाला.

गाडीवान ओरोमो. मी विचारलं, तू वाका मानतोस का? "मी मुसलमान. पण गवत घेऊन जातो." 2007 च्या मोजणीत पारंपरिक धर्म 2.6 टक्के. हा त्यात नसणार.

रविवार, 8 डिसेंबर. हवासा

घरमालकीण पन्नाशीची, हसरी, कपाळावर भुवयांच्या मधोमध हिरवट गोंदलेला क्रूस. उत्तरेकडच्या जुन्या ऑर्थोडॉक्स बायकांची ही खूण, आपल्या आजीच्या कपाळावरच्या गोंदणासारखीच. पण गळ्यात मातेब नाही. ती आता पेंटे.

पेंटे म्हणजे पेंटेकोस्टल. शब्द मुळात कुचेष्टेचा, पण आता इथे सगळ्या प्रोटेस्टंटांना सरसकट तोच लावतात आणि तेही स्वतःला बिनदिक्कत म्हणवून घेतात. सकाळी ती मला तिच्या चर्चला घेऊन गेली. पत्र्याचं प्रचंड छप्पर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कीबोर्ड, ड्रम. दोन तास लोक उभे, हात वर, रडतायत, हसतायत. भजनाचा ठेका असा की माझाही पाय हलला. इथे पुजारी आणि पडदा काही नाही, प्राचीन गीझ भाषाही नाही. प्रार्थना घरच्या बोलीत. बाजारात भाजी विकणारी बाई उठून माइक घेऊन बोलली आणि हजार माणसांनी ऐकलं. अक्सुमला पायरीवर बसलेल्या मला हे जरा जास्तच भावलं, हे कबूल.

वाटेत तिने नवऱ्याच्या गावाचं, वोलायताचं सांगितलं. तिथे 1928 पासून परदेशी मिशनरी होते. देश काबीज केलेल्या इटालियनांनी 1937 च्या सुमाराला त्यांना घालवलं तेव्हा मागे उरलेले बाप्तिस्मा घेतलेले लोक पन्नासच्या आसपास. युद्ध संपून मिशनरी परतले तर दहा हजार! गोरे गेल्यावर वाढलं ते, गावकऱ्यांनीच पायी फिरून वाढवलं. 1974 च्या क्रांतीनंतर लष्करी डेर्गने या चर्चांना टाळी लावली. मेकाने येसुस या प्रोटेस्टंट चर्चचे सरचिटणीस गुदिना तुम्सा यांना 1979 मध्ये उचलून मारलं, त्याच वर्षी ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क तेवोफ्लोसनाही. त्याच राजवटीने ऑर्थोडॉक्स चर्चचं राजधर्माचं स्थान काढलं आणि ईदला सुटी दिली. घरमालकीण त्या काळात मुलगी होती. नवऱ्याकडचे लोक रात्री घराघरांत जमून, गाणं कुजबुजत म्हणत. "म्हणून आता एवढं मोठ्याने म्हणतो," ती म्हणाली. 2007 ला या दक्षिण प्रांतात प्रोटेस्टंट साडेपंचावन्न टक्के झाले होते.

सोमवार, 9 डिसेंबर. हवासा

आज फॉर्म भरायचा दिवस. दुपारी कॉफी, म्हणजे बुन्ना. ती तीनदा उकळतात: अबोल, तोना, बरका. जमिनीवर हिरवं गवत पसरलं, शेगडीवर कच्च्या बिया भाजल्या, धूर पाहुण्यांच्या नाकाशी फिरवला. एकेकाळी ऑर्थोडॉक्स चर्च कॉफीला मुसलमानांचं पेय म्हणून हात लावू देत नसे. आज कॉफीशिवाय देशाची कल्पना करता येत नाही.

घरमालकिणीची ऐंशीची आई कोपऱ्यात. मातेब गळ्यात, कपाळ आणि मान गोंदलेली, उपास चालू. "ऊद कुठंय?" म्हातारीने विचारलं. पेंटे लेक ऊद जाळत नाही, तिच्या मते तो भुताखेतांचा नाद. म्हातारीच्या मते ऊदाशिवाय कॉफी म्हणजे नुसतं काळं पाणी. तोडगा रोजचाच असावा: लेक उठून आत गेली, तेवढ्यात नातवाने निखाऱ्यावर चिमूटभर ऊद टाकला. लेक आली, नाक उडवलं, बसली.

हा नातू विशीतला. जन्मापासून पेंटे. विद्यापीठात गेला आणि तिथल्या ऑर्थोडॉक्स मुलांच्या मंडळात रमून आजीच्या चर्चमध्ये परतला. मनगटात नाही, गळ्यातच मातेब, नवाकोरा. आईला विचारलं, वाईट वाटलं का? "तीन दिवस जेवले नाही," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी म्हणाला, आई, तू पण आजीला असंच केलं होतंस."

माडीवर भाड्याने राहणारी शिवणखात्यातली मुलगी मुसलमान. तीही कॉफीला. तिने मला इथली खरी अडचण सांगितली: ख्रिश्चनाने कापलेलं मांस मुसलमान खात नाही आणि मुसलमानाने कापलेलं ख्रिश्चन खात नाही. लग्नात दोन मांडव, दोन आचारी. "पण उपासाचं जेवण सगळ्यांना चालतं," म्हणून या घरात सणाला आजीच्या चुलीवरचं शिरो.

मी वही काढून खरंच रकाने आखले. आजी: ऑर्थोडॉक्स. लेक: प्रोटेस्टंट. नवरा वारला, पण तिने त्याचंही लिहायला लावलं. नातू: ऑर्थोडॉक्स, आणि लेकीने पुस्ती जोडली, "पेन्सिलीने लिहा." भाडेकरीण: मुसलमान. कुटुंबप्रमुख कोण, या रकान्यावर भांडण लागलं, तो मोकळा ठेवला. एवढ्या वर्षांत वाईच्या किती घरांत मी न विचारता खाली खाली तेच तेच लिहीत गेले कोण जाणे. कुणाची सून, कुणाचा गप्प धाकटा भाऊ.

भाच्याने टीव्ही लावला. उद्या ऑस्लोत पंतप्रधान अबी अहमद यांना नोबेल मिळणार होतं. वडील मुसलमान, आई ऑर्थोडॉक्स, स्वतः पेंटे. "आमच्याच घरातला," भाडेकरीण म्हणाली.

मग तिसरा कप, बरका. म्हातारीने नातवाकरवी मला विचारलं, तुझा धर्म कोणता? हिंदू, म्हटलं. हे तिच्या ओळखीचं नव्हतं. बराच वेळ माझ्या गळ्याकडे, मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांकडे पाहत राहिली. मग विचारलं, "उपास करतेस?" करते की. सोमवार, चतुर्थी, एकादशी, श्रावणात जास्त, नवरात्रात नऊ दिवस. नातू बोटं मोजत भाषांतर करत होता. "मांस?" कधीच नाही. "दूध?" दूध चालतं, म्हटलं.

म्हातारीने जिभेने च्च केलं, लेकीकडे वळून काहीतरी म्हणाली आणि सगळं घर हसायला लागलं.

"काय म्हणाल्या?"

नातू म्हणाला, "आजी म्हणते, ऑर्थोडॉक्स लिही. दुधाचं मी बघून घेते."